लिनक्सचं पुस्तक घेताय? आधी परीक्षा वाचा!

‘लिनक्सच्या सर्टिफिकेशनसाठी पुस्तक कुठलं घेऊ?’ असा मेसेज कॉलेजच्या ग्रुपवर पडला की पाच मिनिटांत सात उत्तरं येतात. कुणी सीनियरने वापरलेल्या पुस्तकाचा फोटो टाकतं, कुणी पीडीएफ पाठवतं, कुणी ‘पुस्तक कशाला, डम्प्स घे’ म्हणून मोकळं होतं. फक्त एक प्रश्न कुणी विचारत नाही : परीक्षा कुठली देतोयस?

पुस्तकाची निवड खरं तर इथूनच सुरू होते. चुकीचं पुस्तक घेतलं तर पुस्तकाचे पैसे जातात. पण त्याच्या भरवशावर परीक्षेला बसलात तर हजारोंची फी जाते, आणि ती बहुतेक वेळा घरच्यांनी भरलेली असते.

दोन परीक्षा, दोन तऱ्हा

सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हायचं म्हटलं की दोन नावं हमखास कानावर येतात. पहिलं रेड हॅटच्या आरएचसीएसएचं. हिचा कोड ईएक्स२००. यात पर्यायांचे गोल काळे करायचे नसतात. समोर मशीन असतं आणि हातात कामांची यादी. यूजर तयार करा, डिस्कची पार्टिशन्स करा, फायरवॉल लावा, बूट होताना मध्येच थांबवून मशीनमध्ये प्रवेश मिळवा. ३०० पैकी २१० गुण मिळाले तर पास. इंटरनेट नाही. शिवाय मशीन रीस्टार्ट केल्यावरही तुमचं काम टिकलं पाहिजे, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात.

दुसरं नाव लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटच्या एलपीआयसी-१ चं. हिचे दोन पेपर, १०१ आणि १०२. प्रत्येकात ६० प्रश्न, वेळ ९० मिनिटं, पास व्हायला ८०० पैकी ५०० गुण. बहुतेक प्रश्न पर्यायांचे, पण काही ठिकाणी कमांड किंवा फाइलचं नाव स्वतः टाइप करावं लागतं. रेड हॅटची परीक्षा फक्त त्यांच्या लिनक्सवर असते. एलपीआयसी-१ मात्र डेबियन आणि रेड हॅट या दोन्ही घराण्यांतलं पॅकेज मॅनेजमेंट विचारते.

म्हणजे पहिलीसाठी भरपूर लॅब असलेलं पुस्तक हवं. दुसरीसाठी सगळे विषय कव्हर करणारं आणि सरावाचे प्रश्न देणारं. एकाच पुस्तकात दोन्ही परीक्षा उरकायला गेलात तर अडकाल.

आधी यादी, मग पुस्तक

दोन्ही संस्था परीक्षेत काय विचारणार त्याची यादी फुकट जाहीर करतात. तिला ऑब्जेक्टिव्ह्ज म्हणतात. एलपीआय तर प्रत्येक मुद्द्यापुढे वेटेजही देते, त्यामुळे कशाला किती वेळ द्यायचा ते आधीच कळतं. या यादीची प्रिंट काढा आणि पुस्तकाची अनुक्रमणिका शेजारी धरा. यादीतला जो मुद्दा पुस्तकात सापडत नाही, त्याच्यावर खूण करा. खुणा खूपच झाल्या तर पुस्तक परत ठेवा.

आता एडिशन. पुण्याचा अप्पा बळवंत चौक असो की मुंबईत फाउंटनचा फुटपाथ, जुनं पुस्तक निम्म्या किमतीत मिळालं की आपण खूश. पण आरएचईएल ९ मे २०२२ मध्ये आलं आणि १० मे २०२५ मध्ये. परीक्षाही पुढच्या व्हर्जनवर जाते, दुकानातलं पुस्तक मात्र तिथेच राहतं. म्हणून फी भरण्याआधी परीक्षा सध्या कुठल्या व्हर्जनवर आहे ते बघा आणि तोच आकडा कव्हरवर शोधा.

कव्हरवर आकडा नसेल तर नेटवर्क आणि सर्व्हिसेसचे चॅप्टर उघडा. सर्व्हिस सुरू करायला ‘सिस्टिमसीटीएल’ऐवजी ‘चेककॉन्फिग’ दिसलं, तर ते पुस्तक २०१४ मध्ये आलेल्या आरएचईएल ७ च्याही आधीचं आहे. नेटवर्कसाठी सगळीकडे ‘आयएफकॉन्फिग’च असेल, ‘आयपी’ किंवा ‘एनएमसीएलआय’ कुठेच नसेल, तरी पुस्तक परत ठेवा.

तरी जुनं सगळंच टाकाऊ नसतं. फाइल परमिशन, पाइप, ‘ग्रेप’, ‘व्हीआय’ एडिटर ही मंडळी वर्षानुवर्षं फारशी बदललेली नाहीत. कॉलेजच्या लायब्ररीत सुमिताभ दास यांचं ‘युनिक्स : कन्सेप्ट्स अँड अ‍ॅप्लिकेशन्स’ असेल तर पाया पक्का करायला ते आजही चालतं. विल्यम शॉट्स यांचं ‘द लिनक्स कमांड लाइन’ तर लेखकाने स्वतःच मोफत उपलब्ध करून दिलंय. मात्र ही पायाची पुस्तकं आहेत, परीक्षेची नाहीत.

परीक्षेसाठी आरएचसीएसएवाल्यांमध्ये सँडर व्हॅन व्हुग्ट आणि असगर घोरी ही दोन नावं चालतात. दोघांचीही आरएचईएल ९ वर पुस्तकं आहेत. एलपीआयसी-१ साठी ब्रेस्नाहन आणि ब्लम यांचं स्टडी गाइड आहे. त्याची पाचवी एडिशन परीक्षेच्या ५.० व्हर्जनसाठी आहे. विकत घ्यायच्या आधी एलपीआयचं स्वतःचं मोफत अभ्याससाहित्य जरूर बघा.

सगळ्यात स्वस्त पुस्तक

ते मशीनमध्येच असतं! ‘मॅन’ टाइप करून पुढे कमांडचं नाव लिहा, माहिती हजर. आरएचसीएसएच्या यादीत हे मॅन पेजेस शोधून वापरता येणं हाच एक मुद्दा आहे. परीक्षेत गूगल नसतं, मॅन असतं. त्यामुळे सराव करताना अडलात तर पहिली दहा मिनिटं फोनला हात लावू नका.

सरावाला मशीन हवंच. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या दोन्ही मोफत आहेत आणि आरएचईएलशी जुळवून बनवलेल्या आहेत. खुद्द आरएचईएलही रेड हॅटच्या डेव्हलपर सबस्क्रिप्शनमधून एका व्यक्तीला १६ मशीनपर्यंत फुकट मिळतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ग्राफिकल डेस्कटॉप न टाकता इन्स्टॉल केलं तर कमी रॅमच्या लॅपटॉपवरही काम भागतं. मोडलं तर पुन्हा टाका. मोडलेलं दुरुस्त करताना जे शिकाल ते कुठल्याही चॅप्टरमध्ये मिळणार नाही.

पुस्तकं इंग्रजीत आहेत म्हणून बिचकू नका. शब्द ठरावीक असतात आणि तेच तेच येतात. एक वही करा. डावीकडे कमांड, उजवीकडे ती काय करते ते आपल्या मराठीत. स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं नाही, म्हणजे तो चॅप्टर अजून कळलेला नाही.

आणि डम्प्सचं काय? परीक्षेतले प्रश्न बाहेर न देण्याच्या अटी तुम्ही परीक्षेला बसताना मान्य करता. त्या मोडल्याचं सिद्ध झालं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. ते टिकलं तरी इंटरव्ह्यूमध्ये समोरचा मशीन पुढे करून ‘ही सर्व्हिस का चालत नाहीये, बघ जरा’ म्हणाला, की पाठ केलेली उत्तरं तिथे कामाला येत नाहीत.

तेव्हा या आठवड्यात पुस्तक घेऊच नका. परीक्षा ठरवा, यादी उतरवून घ्या, मशीन उभं करा. मग यादी खिशात घालून दुकानात जा. ‘कुठलं चांगलं आहे?’ असं दुकानदाराला विचारायची वेळच येणार नाही.