जावई गाढवावर, गाव हसण्यावर!

शेतकरी बंधूंनो, पाऊस कधी यावा अन् कुठं पडावा हे आपल्या हाती नाही. बांधाच्या पलीकडं पाणी वाहतं आणि अलीकडं ढेकूळ भिजत नाही. ज्या साली कांदा साधतो त्याच साली भाव पडतो. हिशेब कितीही घाला, उत्तर निराळंच येतं. असं बेभरवशाचं जिणं जगणाऱ्या माणसाला बिनबुडाच्या, उफराट्या विनोदाची मोठी हौस असते. ती हौस रिकामटेकडी नाही, हे आज तुमच्यापुढं मांडायचं आहे.

विड्याची धुळवड

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. तिथं धुळवडीला एका जावयाला गाढवावर बसवून वाजतगाजत मिरवतात. ही प्रथा ऐंशी-नव्वद वर्षांची सांगतात. धुळवड जवळ आली की जावईबापू गायब होऊ लागतात आणि गावची पोरं त्यांच्या शोधाला निघतात. सापडलेला जावई निसटू नये म्हणून त्याच्यावर पहारा ठेवतात. मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी संपते आणि जावयाला नवे कपडे देऊन त्याचा मान केला जातो.

आता यातली गंमत पाहा. जावई म्हणजे दहावा ग्रह. त्याला पाट, पाणी, आहेर, सगळं आधी. त्यालाच गाढवावर बसवायचं! कोणाचा नंबर लागेल ते सांगता येत नाही. जो सापडला तो सापडला. आपली शेतीही अशीच नाही का? गारपीट कोणाच्या रानात पडेल हे कुठं ठरलेलं असतं? फरक एवढाच, की विड्यातला हा नशिबाचा फेरा देवळापाशी थांबतो आणि शेवटी हातात आहेर पडतो. गारपीट झालेल्याला आहेर कोण करतो? ज्या नशिबाची वर्षभर धास्ती, त्याचा एक दिवस खेळ करायचा आणि त्याला हसून घ्यायचं, हे यातलं मर्म.

हसायचं कोणाला?

नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबत आणि बडग्यांची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासूनची सांगतात. बडगे म्हणजे चित्रविचित्र पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, पुढाऱ्यांचा कारभार, जे लोकांना छळतं त्याचा बडगा करायचा, मिरवायचा आणि जाळून टाकायचा. तमाशातला सोंगाड्याही बतावणीत तेच करतो. वेड्यासारखा सवाल टाकतो अन् शहाण्याची बोलती बंद करतो. पाटील असो की फौजदार, त्याच्या तडाख्यातून कोणी सुटत नाही. नाथांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली, तेव्हा वरून सोंग आणि आतून बोध हीच तऱ्हा ठेवली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. हसू मानाच्या माणसावर, नाहीतर सगळ्यांना छळणाऱ्या गोष्टीवर बेतलेलं असतं. विड्यातही हा प्रकार गावातल्या एका वजनदार घरच्या जावयापासून सुरू झाला असं सांगतात. सुरुवात मोठ्या घरापासून झाली, म्हणून पुढं कोणी तक्रार केली नसावी.

खेळ आणि धिंड

पण सावध राहा. गाढवावर बसवणं ही एके काळी शिक्षा होती. गरिबाची, एकट्या बाईची, खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाची धिंड काढून हसणं याला विनोद म्हणत नाहीत. तो जुलूम आहे आणि कायद्यानं गुन्हाही आहे. खेळ कोणता अन् धिंड कोणती, हे ओळखायची खूण सोपी आहे. खेळात शेवटी मान मिळतो. धिंडीत माणूस गावातून उठतो.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठीभाऊसाहेब, तुम्हालाही एक सांगणं. जत्रेत सोंगाड्यानं तुमच्या दप्तराची किंवा सात-बाऱ्याची टिंगल केली तर रागावू नका. पुढच्या रांगेत बसा आणि मोकळेपणानं हसा. ग्रामसभेत जे कोणी उठून बोलत नाही, ते सोंगाड्या फुकटात सांगून जातो. ऐकून घ्या, आणि सोमवारी कचेरीत गेल्यावर तेवढं काम उरका!