बिनपगारी, फुल ढोलकरी!

संध्याकाळचे सात वाजलेत. ऑफिसं सुटलीत, क्लास संपलेत. पुण्यात म्हात्रे पुलाजवळ नदीपात्रालगत एकेक दुचाकी येऊन लागतेय. कुणी बँकेतला कारकून, कुणी सीएची आर्टिकलशिप करणारी, कुणी हिंजवडीहून ट्रॅफिकशी झुंजत पोचलेला संगणक अभियंता, तर कुणी यंदाच अकरावीत गेलेली. आल्या आल्या पहिलं काम ढोल ओढण्याचं. दोरी ताणून पान घट्ट झाल्याशिवाय ढोल बोलत नाही. मग ढोल कमरेला आवळायचा, बोटांना चिकटपट्टी गुंडाळायची, कानांत कापसाचे बोळे कोंबायचे आणि रांगेत उभं राहायचं. समोरून ताशा कडकडतो आणि पुढच्याच क्षणी साठ-सत्तर ढोलांचा एकच ठोका... थेट छातीत!

गणपतीआधी महिना-दीड महिना हे रोज चालतं. हातांना फोड येतात, कंबर धरते, घरी आई ओरडते. आणि या सगळ्याचे पैसे किती मिळतात? एक छदामही नाही! उलट कित्येक पथकांत गणवेशाचा खर्च वादक स्वतःच्या खिशातून करतात. बिनपगारी, फुल अधिकारी म्हणतात ना, तसेच हे बिनपगारी ढोलकरी.

इंग्लंड-अमेरिकेत गावोगावी हौशी नागरिकांचे बँड असतात. दिवसा शिक्षक, सुतार, नर्स असलेली मंडळी संध्याकाळी ट्रंपेट-क्लॅरिनेट घेऊन जमतात आणि गावासाठी फुकट वाजवतात. महाराष्ट्रात त्याचं भावंड शोधायला निघालं तर पावलं वळतात ती पुण्याच्या ढोल-ताशा पथकांकडेच. शहरात आज अशी शंभराहून अधिक पथकं आहेत.

पण ही परंपरा लोक समजतात तितकी जुनी नाही. लोकमान्य टिळकांनी १८९३-९४ मध्ये गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, तेव्हा हौशी तरुणांचे जथे होते ते मेळ्यांचे. पदं म्हणत, संवाद करत हे मेळे गल्लोगल्ली फिरायचे. त्यांतल्या राजकीय पदांनी इंग्रज सरकार बिथरलं आणि मेळ्यांवर बंधनं आली. ढोल मात्र तेव्हा शहरातल्या मध्यमवर्गाच्या हातात नव्हता. तो होता मुळशी-मावळच्या गावकऱ्यांकडे. भातलावणी उरकली, की ही मंडळी ढोल-लेझीम घेऊन पुण्यात यायची, मंडळांच्या मिरवणुकीत वाजवायची आणि बिदागी घेऊन गावी परतायची. त्यांच्या जोडीला प्रभात बँड, दरबार बँड यांसारखे व्यावसायिक बँड. सदाशिव-नारायण पेठेतला पांढरपेशा पुणेकर गॅलरीतून मिरवणूक बघायचा, फार तर गुलाल उधळायचा. ढोल गळ्यात अडकवणं हे 'आपलं काम' नव्हे, असाच त्याचा समज!

हा समज मोडीत काढला तो एका शिक्षणसंस्थेने. डॉ. विनायक विश्वनाथ ऊर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. बुद्धिमान मुलांना समाजाच्या कामाला लावायचं, हा त्यांचा ध्यास. नुसत्या पुस्तकांनी ते व्हायचं नाही, हे मानसशास्त्राच्या या अभ्यासकाला पक्कं ठाऊक होतं. गणपतीच्या मिरवणुकीत धांगडधिंगा फार होतो म्हणून नाकं मुरडत घरी बसण्यापेक्षा शिस्तीत वाजवणारी, नाचणारी मुलं त्याच रस्त्यावर उतरवावीत, अशी ही युक्ती होती. ढोल, ताशा, बरची नृत्य, भगवा ध्वज, एकसारखा गणवेश आणि ओळीत चालणं. आज जे कुठल्याही पथकात दिसतं, त्याचा साचा इथे तयार झाला.

त्याहून धाडसाचं पाऊल सत्तरच्या दशकातलं. प्रबोधिनीने मुलींच्या कमरेला ढोल बांधला! ज्या घरांत मुलीने दिवेलागणीच्या आत परतायचं असा दंडक होता, त्याच घरांतल्या मुली लक्ष्मी रोडवर हजारोंच्या गर्दीत टिपरू हाणू लागल्या. आज पथकांत मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीने असते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण पहिल्यांदा ज्या आईवडिलांनी 'जा' म्हटलं, त्यांचं कौतुक करायला हवं. ते सोपं नव्हतं.

त्यानंतर शाळांच्या पथकांचं युग आलं. रमणबाग, नूतन मराठी विद्यालय, विमलाबाई गरवारे प्रशाला... शाळा सुटली तरी पथक सुटेना, म्हणून माजी विद्यार्थी त्यातच रमले. किशाभाऊ पटवर्धनांनी १९७९ मध्ये सुरू केलेली स्व-रूपवर्धिनी ही वस्त्यांमधल्या मुलांसाठी झटणारी संस्था. तिचं पथकही मानाच्या गणपतींपुढे वाजवू लागलं. पुढे शाळा-संस्थांशी संबंध नसलेली स्वतंत्र पथकं निघाली, मराठी नाटक-सिनेमातल्या कलाकारांनीही 'कलावंत' नावाचं पथक उभं केलं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळेच जण जीव खाऊन बडवताहेत, त्यात संगीत कसलं? इथेच तर गंमत आहे. पथकाचा खरा सूत्रधार ढोलवाला नसतोच, तो असतो ताशावाला. दोन बारीक काड्यांनी तो लय धरतो, बदलाची खूण देतो आणि ढोलांच्या रांगा त्याच्या मागे जातात. ढोलाच्या एका अंगाला टिपरू बसतं, दुसऱ्या अंगाला हाताची थाप. टिपऱ्याचा ठोका आणि थापेची जागा चुकली, की साठजणांतला एक चुकार लगेच कळतो. पथकांच्या भाषेत तालाला 'हात' म्हणतात. एक ठोका, दोन ठोका, तीन ठोका असे साधे हात आधी बसवायचे आणि मग अवघडांकडे जायचं. कागदावर एक अक्षर लिहिलेलं नसतं. सगळं कानाने आणि बघून. चांगला ताशावाला तयार व्हायला वर्षं लागतात, म्हणूनच पथकात त्याचा रुबाब वेगळा. आणि हा ताशा आला कुठून? मोहरमच्या ताबुतांपुढेही तोच कडाडतो. वाद्याला धर्म नसतो, हे पुण्याच्या गल्लीबोळांनी केव्हाच मान्य केलंय.

वादक पैसे घेत नाहीत, मग मंडळं देतात त्या मानधनाचं काय होतं? टेम्पोभाडं, नवी पानं, दुरुस्ती, सरावाच्या जागेचा खर्च, मिरवणुकीतला वडापाव... यातच बराचसा पैसा जातो. उरलेल्यातून अनेक पथकं सामाजिक कामांना हातभार लावतात, रक्तदान शिबिरं भरवतात, वृक्षारोपण करतात. सगळीच पथकं हिशेबाला चोख असतात असं मात्र नाही. मानधनावरून चढाओढ, एकातून फुटून दुसरं निघणं, हे इथेही चालतंच. शेवटी मराठी माणसांचीच संस्था ती!

या हौशीची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. शहरी मुलामुलींनी ढोल हाती घेतला, तेव्हा मुळशी-मावळच्या ढोलकऱ्यांची आणि बँडवाल्यांची मिरवणुकीतली जागा आक्रसली. एकाचा छंद तो दुसऱ्याचा भाकरतुकडा होता. प्रभात, दरबार हे बँड मानाच्या गणपतींपुढे टिकून राहिले, पण सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. हौशी कलावंतांचा गौरव करताना ही किंमतही मांडायला हवी.

पुण्याची मुलं नोकरीसाठी जिथे गेली, तिथे ढोलही गेला. लंडनला गेला, अमेरिकेत गेला आणि अर्थातच बंगळुरूलाही. आयटीच्या निमित्ताने या शहरात स्थिरावलेल्या मराठी तरुणांनी तिथे पथकं उभारली आहेत. हे एक मजेशीर वळण आहे, कारण सार्वजनिक वादनाची बंगळुरूची रीत निराळी. तिथल्या कब्बन पार्कातल्या आठकोनी बँडस्टँडवर एकेकाळी लष्करी बँड वाजायचे आणि लोक हिरवळीवर बसून ऐकायचे. वाजवणारे वेगळे, ऐकणारे वेगळे. पथकात मात्र कालचा बघ्या आज ढोल बांधून रांगेत असतो.

पण म्हणून ढोल बंगळुरूला परका आहे, असं कुणी समजू नये. कर्नाटकात कुरुब समाजाचं 'डोळ्ळु कुणिथा' हे भल्यामोठ्या ढोलांचं नृत्य बीरेश्वराच्या भक्तीत शतकानुशतकं चालत आलंय. महाराष्ट्रातले धनगर बिरोबापुढे गजढोल वाजवतात. देव तोच, ढोलही तोच. भाषेची सीमा मधून गेली इतकंच! मराठी अभियंता बंगळुरूत ढोल बांधतो, तेव्हा नवं काही नेत नाही, जुनी ओळख ताजी करतो.

आता अडचणीचा मुद्दा. आवाज!

पथकं वाढली, तसे पथकातले ढोलही वाढले. पन्नासाचे शंभर झाले. त्याच्या पन्नासपट कौतुक फ्लेक्सवर आणि तितक्याच तक्रारी पोलीस चौकीत. नदीकाठच्या सोसायट्यांतली म्हातारी माणसं, अभ्यास करणारी मुलं, तान्ही बाळं यांना महिनाभर रोज संध्याकाळी हा नाद सोसावा लागतो. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर सीओईपीचे विद्यार्थी वर्षानुवर्षं आवाज मोजतात. आकडा शंभर डेसिबलच्या आसपास जातो, काही वर्षी त्याच्याही वर. यात डीजेच्या भिंतींचा वाटा मोठा असला, तरी ढोल अगदीच नामानिराळा राहू शकत नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने ३० ऑगस्ट २०२४ रोजी आदेश दिला, की एका पथकात ३० पेक्षा जास्त जण नकोत. पथकांत खळबळ उडाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १२ सप्टेंबरला, म्हणजे विसर्जनाच्या पाचच दिवस आधी, त्या मर्यादेला स्थगिती मिळाली. त्यांना वाजवू द्या, ढोल-ताशा हे पुण्याचं काळीज आहे, अशा अर्थाचे उद्गार तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी काढले. चंद्रचूडांचं मूळ गाव खेड तालुक्यातलं कनेरसर, म्हणजे पुणे जिल्ह्यातलंच. काळजाची गोष्ट त्यांना ठाऊक असणारच!

कोर्टात पथकं जिंकली, पण ध्वनिशास्त्राचं गणित कोर्टात बदलत नाही. ३० ढोलांचे ६० केले, की आवाज दुप्पट मोठा ऐकू येत नाही, वाढतात ते जेमतेम ३ डेसिबल. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला हा फरक धड जाणवतही नाही. कानाला मात्र तो कळतो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सोसता येतो, असं धरलं जातं आणि पुढच्या दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. शंभर डेसिबलला उरतात अवघी १५ मिनिटं! म्हणजे जादा ढोलांनी श्रोत्यांना फारसं काही मिळत नाही आणि वादकाच्या कानाचं आयुष्य घटतं. सगळ्यात जवळ तोच तर उभा असतो, तेही दीड महिना, रोज दोन-तीन तास. आप्पा पेंडशांच्या मुलांनी पुण्याला जिंकलं ते शिस्तीने आणि एका ठोक्याने. शंभर ढोलांत तो एक ठोका राखणं अवघडच होतं, हे जुने ताशावाले खासगीत मान्य करतील.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षं करोनामुळे मिरवणुकाच निघाल्या नाहीत. ढोल गोडाऊनमध्ये पडून राहिले. २०२२ मध्ये निर्बंध उठले, तेव्हा सरावाला इतकी झुंबड उडाली, की रांगा मावेनात.

दरवर्षी आषाढी एकादशीच्या सुमारास 'नवीन वादक नोंदणी सुरू' असे फलक चौकाचौकांत झळकतात. संगीत येण्याची अट नसते. रोज वेळेवर येणं, सांगितलेल्या रांगेत उभं राहणं आणि सराव संपल्यावर ढोल टेम्पोत चढवायला हात लावणं, एवढीच अपेक्षा. घरच्यांनी पोराला किंवा पोरीला पाठवताना दोन गोष्टींची चौकशी करावी. मुली घरी पोचल्याची खात्री पथक कशी करतं, आणि सराव रात्री किती वाजता थांबतो. शिवाय कापसाच्या बोळ्यांवर विसंबू नये, त्यांनी आवाज फारसा अडत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, ते सोबत द्यावेत. चिकटपट्टी पथकात कुणा ना कुणाकडे असतेच.