मोठ्यांनी करून दिलेली जागा

वडाच्या सावलीत दुसरे झाड जोम धरत नाही, असे आपण म्हणतो. नामवंत माणसाच्या सहवासात वावरणाऱ्या तरुणांविषयीही पुष्कळदा असेच बोलले जाते. त्यांना आधार मिळतो; पण वाढायला जागा मिळत नाही. हा प्रश्न घरात, कारखान्यात, कार्यालयात जसा उभा राहतो, तसाच खेळाच्या मैदानावरही उभा राहतो. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये सॅन अँटोनियो स्पर्स या संघातील दोन थोर खेळाडूंनी आपल्या वागणुकीने या प्रश्नाचे फार चांगले उत्तर दिले.

आधी या खेळाचे स्वरूप लक्षात घेऊ. बास्केटबॉलमध्ये एका वेळी संघाचे पाचच खेळाडू मैदानात असतात, आणि चेंडू मात्र एकच असतो. अमेरिकी साखळीतील सामना ४८ मिनिटे चालतो. चेंडू एकाच्याच हाती अधिक वेळ राहिला, तर इतर चौघांच्या वाट्याला तो कमी येणार हे उघड आहे. त्यामुळे एखादा गुणी तरुण संघात आला, की जुन्या नामवंताच्या वाट्याचे गुण, खेळण्याचा वेळ आणि कधी कधी मानधनही कमी होते. तरुणाला शिकवणे म्हणजे आपली जागा घेणाऱ्याला आपणच तयार करणे. मोठेपणाची खरी कसोटी येथे लागते.

डेव्हिड रॉबिन्सन हा स्पर्सचा आधारस्तंभ होता. सात फुटांहून अधिक उंचीचा हा खेळाडू नौदलाच्या अकादमीत शिकला आणि नौदलातील सेवा करून १९८९ मध्ये संघात दाखल झाला. १९९५ मध्ये त्याला साखळीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमान मिळाला. मात्र १९९६-९७ च्या हंगामात दुखापतींमुळे तो केवळ ६ सामने खेळू शकला. संघाने ८२ पैकी फक्त २० सामने जिंकले. या साखळीत मागे पडलेल्या संघांसाठी सोडत काढली जाते आणि त्यानुसार नव्या खेळाडूंच्या निवडीचा क्रम ठरतो. त्या वर्षी पहिल्या निवडीचा मान स्पर्सला मिळाला आणि त्यांनी टिम डंकनला निवडले.

डंकन हा कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावरचा मुलगा. लहानपणी तो उत्तम जलतरणपटू होता. १९८९ च्या चक्रीवादळात तेथील तरणतलाव उद्ध्वस्त झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची आई कर्करोगाने गेली. बास्केटबॉलकडे तो तसा उशिराच वळला. विद्यापीठातील चार वर्षांचे शिक्षण पूर्ण करून, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो स्पर्समध्ये आला. त्या उन्हाळ्यात रॉबिन्सनने त्याला कोलोरॅडोच्या डोंगराळ भागातील आपल्या घरी बोलावले आणि दोघांनी एकत्र सराव केला.

रॉबिन्सनने डंकनला घडवले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. डंकनची गुणवत्ता त्याची स्वतःची होती. परंतु त्या गुणवत्तेला मोकळी वाट रॉबिन्सनने करून दिली. १९९३-९४ मध्ये प्रत्येक सामन्यात सरासरी जवळजवळ ३० गुण मिळवणाऱ्या या खेळाडूची सरासरी १९९८-९९ मध्ये १६ च्याही खाली आली. यामागे वय आणि दुखापती होत्याच. पण आता चेंडू प्रथम डंकनकडे जावा, हे त्याने मनापासून मान्य केले होते. प्रतिस्पर्ध्याला रोखणे आणि बास्केटवर आदळून परत येणारा चेंडू पकडणे, ही कमी टाळ्यांची कामे त्याने पत्करली. १९९९ मध्ये स्पर्सने पहिले अजिंक्यपद मिळवले. अंतिम फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला तो डंकन! २००३ मध्ये दुसऱ्या अजिंक्यपदासह रॉबिन्सन निवृत्त झाला.

पुढे ज्येष्ठाची भूमिका डंकनकडे आली. २००१ मध्ये फ्रान्सचा टोनी पार्कर अवघ्या एकोणिसाव्या वर्षी संघात आला होता. २००७ च्या अंतिम फेरीत सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याला मिळाला. प्रशिक्षक ग्रेग पोपोविच हे मोठे कडक. ते डंकनलाही सर्वांसमक्ष रागावत आणि डंकन ते शांतपणे ऐकून घेई. संघातला सर्वांत मोठा खेळाडू बोलणी ऐकून घेतो म्हटल्यावर नवख्याने रुसायचे कशाला? २०१२ मध्ये डंकनने पूर्वीच्या जवळजवळ निम्म्या मानधनावर नवा करार केला. साखळीत मानधनाच्या एकूण खर्चावर मर्यादा असल्याने, एकाने कमी घेतले की इतरांसाठी रक्कम उरते. २०१३-१४ च्या हंगामात स्पर्सच्या एकाही खेळाडूच्या खेळण्याच्या वेळेची सरासरी ३० मिनिटांपर्यंत पोहोचली नाही, इतका खेळ वाटून घेतला गेला. त्या वर्षीही संघ अजिंक्य ठरला. अंतिम फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडू होता बावीस वर्षांचा क्वाय लेनर्ड. तेव्हा डंकन अडतीस वर्षांचा होता.

या दोघांचा प्रभाव भाषणांतून पडला नाही. डंकन तर मितभाषी म्हणूनच ओळखला जाई. तरुण माणूस ज्येष्ठांचे बोलणे ऐकतो. पण शिकतो ते त्यांच्या वागण्यावरून. श्रेय दुसऱ्याकडे जाताना ज्येष्ठाचा चेहरा कसा असतो, चूक दाखवल्यावर तो काय करतो, हे तो बारकाईने पाहत असतो. रॉबिन्सनने दिलेली जागा डंकनने पाहिली आणि आपली पाळी आल्यावर तीच जागा इतरांना दिली.

आपल्यापैकी प्रत्येकजण कोठेतरी नवा असतो आणि कोठेतरी जुना. नवा असताना मिळालेला हात आपल्या लक्षात राहतो. जुना झाल्यावर तो पुढे करणे मात्र अवघड वाटते. आपली किंमत कमी होईल, ही भीती खोटी नसते. रॉबिन्सनचे गुण खरोखरच कमी झाले. पण अजिंक्यपद मिळाले ते त्यानंतरच. वडाच्या सावलीत दुसरे झाड वाढत नसेल. पण त्याच वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात, त्यांचे खोड होते आणि पुढे साऱ्या विस्ताराचा भार त्याच पेलतात.