वाटा दोन, माल एक
लेखमाला : जाळ्याच्या आत – भाग ६

मागच्या भागात नियंत्रकाची ओळख झाली. प्रत्येक स्विचनं आपापल्या बुद्धीनं वाट ठरवण्याऐवजी सगळ्यांच्या वाटा एका जागेवरून ठरवणारा हा प्रोग्राम. २००८ साली स्टॅनफर्डमधून पुढे आलेल्या ओपनफ्लोमुळे ही पद्धत रुळली. आजचा प्रश्न असा : एकाच ठिकाणी जायला दोन वाटा असतील तर दोन्ही वापराव्यात का?

वणी तालुक्यातल्या राजूरचा कोळसा वॅगनींतून जातो, तसाच ट्रकनंही. आधी वॅगन पोचली की ट्रक, यानं कोळशाच्या ढिगाला काही फरक पडत नाही. डेटाला पडतो, त्याला क्रम लागतो.

समजा, राजूरच्या ग्रामपंचायतीतून नमुना ८ची स्कॅन केलेली फाइल यवतमाळला निघाली. फायबरवरून पॅकेट पोचायला २० मिलिसेकंद लागतात, मोबाइलवरून ८०. पॅकेट आळीपाळीनं दोन्हीकडे टाकली, तर ३, ५ आणि ७ क्रमांकाची पोचून २ क्रमांकासाठी खोळंबतात. प्रत्येक वेळी पलीकडून निरोप येतो, ‘२ अजून आलं नाही.’ असा निरोप तीनदा पुन्हा आला की साधं टीसीपी (डेटा क्रमानं पोचवण्याची नियमावली) पॅकेट हरवलं असं धरतं, ते परत पाठवतं आणि वेगही उतरवतं. वास्तविक २ वाटेतच असतं. दोन वाटा असून काम रखडतं.

यावर तोडगा मल्टिपाथ टीसीपीचा. त्याची पहिली आवृत्ती २०१३ साली आरएफसी ६८२४ या दस्तऐवजात आली. २०२०मध्ये मल्टिपाथ टीसीपी लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत शिरलं. यात प्रत्येक वाटेचे क्रमांक वेगळे आणि संपूर्ण फाइलचे वेगळे. त्यामुळे मोबाइलचा उशीर फायबरच्या माथी बसत नाही. खोळंबा मात्र पुरता संपत नाही. म्हणून आधी जलद वाट भरायची आणि ती तुंबली की मगच दुसरीकडे वळायचं, असा साधारण शिरस्ता असतो. ॲपलनं २०१३मध्ये सिरीसाठी मल्टिपाथ टीसीपी घेतलं; वायफाय सुटलं तरी बोलणं मोबाइल डेटावर चालू राहतं.

पण फोनला किंवा संगणकाला मधलं जाळं दिसत नाही. त्याचे दोन प्रवाह पुढे जाऊन एकाच तुंबलेल्या तारेत शिरले, तर दोन वाटांचा उपयोग काय? जुन्या पद्धतीत राउटर पत्ता आणि पोर्ट यांवरून गणित करून प्रवाहाची वाट ठरवतो. कुठल्या तारेवर किती भार आहे, हे त्या गणितात येतच नाही. नियंत्रकाकडे मात्र सगळ्या जाळ्याचा नकाशा असतो. एकाच जोडणीचे प्रवाह ओळखून तो त्यांना वेगवेगळ्या तारांवर घालू शकतो. गूगलनं आपली डेटा सेंटरं जोडणाऱ्या बी४ जाळ्याविषयी २०१३मध्ये लिहिलं, की अशा नियंत्रणामुळे अनेक तारा जवळजवळ १०० टक्के भरून चालवता येतात. एरवी असं जाळं ३०-४० टक्केच वापरात ठेवण्याचा रिवाज होता.

गावापर्यंत येणाऱ्या तारेलाही हाच हिशेब लागू होतो. ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट योजनेत ग्रामपंचायती सरळ रेषेऐवजी वर्तुळात जोडायचं ठरलं, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून जाता येईल. मात्र वर्तुळाच्या दोन्ही बाजू रस्त्याकडेच्या एकाच चरात पुरल्या, तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात. कोणती तार कुठल्या चरात आहे, ही नोंद नियंत्रकाला माणसानंच पुरवावी लागते. ती चुकली, तर त्याची निवडही चुकते.

पुढच्या भागात : नियंत्रकच बंद पडला तर?