ओळखीची अट आणि कापसाचा पैसा

बँकेत खाते उघडण्यासाठी पारोळ्याला खेटे घालण्याचे आता कारण नाही, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. आधारच्या ओटीपीवर घरबसल्या उघडलेल्या खात्यांना रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातल्या आहेत. शिल्लक १ लाखापेक्षा अधिक नसावी, आर्थिक वर्षातील जमा २ लाखांपलीकडे जाऊ नये, आणि वर्षभरात समक्ष अथवा व्हिडिओद्वारे पूर्ण ओळख पटली नाही तर खाते बंद व्हावे.

या अटी अकारण नाहीत. दुसऱ्याच्या नावावरील खात्यांतून चोरीचा पैसा फिरविण्याचा धंदा बोकाळलेला असताना दाराला कडी हवीच. प्रश्न आहे तो मापाचा. हे माप दरमहा थोडेथोडे मिळविणाऱ्याला बेतलेले दिसते. खानदेशातील कापूस उत्पादकाचा पैसा मात्र हंगामात एकरकमी येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. अवघ्या १५ क्विंटलचे १,१५,६५० रुपये झाले, म्हणजे ऐन विक्रीच्या दिवशीच खाते अपुरे!

व्हिडिओद्वारे ओळखीची मुभा जानेवारी २०२० पासून आहे. परंतु तिला पॅन कार्ड लागते आणि मध्येच न तुटणारे नेटवर्कही. दोन्ही हाताशी असलेला मनुष्य बहुधा शाखेतही सहज पोहोचतो. तेव्हा बँकांनी वेचणीपूर्वीच, भाद्रपदात, गावोगाव माणसे पाठवून ही ओळख पुरी करून घ्यावी. कापसाची गाडी काट्यावर उभी राहिल्यावर ते काम होत नाही.