‘फॅमिन’, ‘स्केअर्सिटी’ आणि ‘ड्रॉट’: मराठीत सगळा दुष्काळच, मग सरकारी कागदावर फरक का पडतो?

साखरा हे हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातले महसूल मंडळाचे गाव. खरिपात सोयाबीन आणि तूर, शिवाय हळद, पाणी असेल तर रब्बीत हरभरा. पीक गेले की इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी एकच शब्द येतो, दुष्काळ. पाऊस आला नाही तर कोरडा, जास्त झाला तर ओला. शाळेतला इंग्रजी-मराठी शब्दकोशही त्याच्याच बाजूने आहे. ‘फॅमिन’समोर दुष्काळ, ‘ड्रॉट’समोरही दुष्काळ.

परीक्षेत एकाच्या जागी दुसरा शब्द लिहिला तर फार तर एखादा गुण जाईल. सरकारी कागदावर हीच अदलाबदल झाली, तर पैसे कोण देणार, किती देणार आणि देणार का, हे सगळेच बदलते.

नेमका फरक काय?

‘ड्रॉट’ हा पाण्याचा शब्द आहे. पाऊस कमी झाला, जमिनीतली ओल गेली, पीक करपले, की तो ड्रॉट. मराठीत त्याला सर्वात जवळचा शब्द खरे तर ‘अवर्षण’. तो आता भाषणांपुरता उरला आहे. ‘स्केअर्सिटी’ म्हणजे टंचाई: पाण्याची, चाऱ्याची, धान्याची, हाताला कामाची. ‘फॅमिन’ मात्र माणसांच्या उपासमारीचा शब्द आहे. अन्नावाचून माणसे मोठ्या संख्येने मरू लागतात, ती अवस्था.

म्हणजे ड्रॉट असूनही फॅमिन टळू शकतो आणि पाऊस फारसा बिघडलेला नसतानाही फॅमिन येऊ शकतो. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो लोक भुकेने मेले. त्या वर्षी धान्याच्या एकूण उपलब्धतेत फार मोठी घट नव्हती, गरिबांची ते विकत घेण्याची ऐपत संपली होती, अशी मांडणी अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या पुस्तकात केली.

इंग्रज सरकारने हा फरक नियमांत बसवला. १८८० च्या फॅमिन कमिशननंतर १८८३ मध्ये फॅमिन कोडचा आराखडा आला. फॅमिन जाहीर करणे म्हणजे कामे काढणे, मजुरी देणे आणि काम न होणाऱ्यांना फुकट अन्न देणे ही जबाबदारी सरकारने अंगावर घेणे. त्यामुळे अधिकारी हा शब्द लिहिताना हात आखडता घेत, हे ओघाने आलेच.

महाराष्ट्राने तर शब्दच खोडला

१९६३ मध्ये महाराष्ट्राने एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकण्याचा कायदा! त्या जागी ‘स्केअर्सिटी’ आला. शेतीच्या स्थितीवर सरकारचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाय होतात, त्यामुळे फॅमिनची वेळ येण्याला वाव उरलेला नाही, असे कारण कायद्याच्या सुरुवातीलाच दिले आहे.

नऊ वर्षांत १९७२ उजाडले. मराठवाड्यात आजही जुनी माणसे वय सांगताना ‘बहात्तरच्या दुष्काळात’ म्हणतात. कागदोपत्री ती टंचाई होती. पण सरकारने नुसता शब्द बदलला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमी योजनेला कायद्याचे बळ मिळाले, १९७७ मध्ये.

‘सदृश’ या तीन अक्षरांची किंमत

आता अलीकडचे. २०१५-१६ मध्ये सरकारी आदेशांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असा शब्द होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि मे २०१६ मध्ये सरकारने सांगितले, की जिथे ‘दुष्काळसदृश’ लिहिले आहे तिथे ‘दुष्काळ’ असे वाचावे. एवढ्या एका दुरुस्तीने २९ हजारांहून अधिक गावे कागदावर दुष्काळी झाली. पाऊस तेवढाच होता.

त्याच वर्षी जानेवारीत भारतीय हवामान विभागाने उलटे केले होते. देशपातळीवर ‘ड्रॉट’ हा शब्दच वापरायचा नाही, ‘डेफिशियंट इयर’ किंवा ‘लार्ज डेफिशियंट इयर’ म्हणायचे, असे ठरवले. याला मात्र तर्क आहे. पाऊस किती तुटला हे मोजणे विभागाचे काम, दुष्काळ जाहीर करणे राज्याचे.

राज्य तो कसा जाहीर करते? डिसेंबर २०१६ च्या केंद्राच्या नियमावलीनुसार आधी पावसाची तूट आणि खंड पाहिला जातो. मग पेरणीखालचे क्षेत्र, उपग्रहातून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतली ओल, जलसाठे. शेवटी शेतात जाऊन पडताळणी. निकाल दोनच शब्दांत येतो, ‘मॉडरेट’ की ‘सिव्हिअर’, म्हणजे मध्यम की गंभीर. केंद्राच्या आपत्ती निधीतून मदत मागायची तर दुष्काळ गंभीरच लागतो. मध्यम असेल तर राज्याने आपले पाहून घ्यायचे.

२०२३ मध्ये हे पुन्हा दिसले. ३१ ऑक्टोबरला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, २४ गंभीर आणि १६ मध्यम. हिंगोली जिल्ह्यातला एकही तालुका त्यात नव्हता. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये इतर तालुक्यांतली शेकडो महसूल मंडळे ‘दुष्काळसदृश’ ठरली. जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्कमाफी अशा सवलती त्यांना लागू झाल्या. नियमावलीत मात्र ‘सदृश’ नावाचा वर्गच नाही, त्यामुळे केंद्राच्या निधीच्या दारात तो शब्द चालत नाही.

‘ओला दुष्काळ’ इंग्रजीत कसा लिहायचा?

लिहिता येत नाही, अडचण तीच आहे. ड्रॉट म्हणजेच कोरडेपणा. ‘वेट ड्रॉट’ म्हटले तर वाचणारा चक्रावेल. सप्टेंबर २०२५ च्या पावसाने मराठवाड्यातली पिके पाण्याखाली गेली आणि ओल्या दुष्काळाची मागणी झाली. नियमावलीत असा शब्द नाही, पण दुष्काळातल्या सवलती देऊ, अशी भूमिका मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी घेतली. ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले.

नियमांना ओळखता येते ती ‘अतिवृष्टी’: मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. रोज थोडा थोडा, पण आठवडाभर न थांबता पडला तर? सोयाबीन सडते तेवढेच, आकडा मात्र ६५ ओलांडत नाही. म्हणून २०२३ मध्ये राज्याला ‘सततचा पाऊस’ ही वेगळी आपत्ती मान्य करावी लागली.

आणि ‘भरपाई’?

खात्यात पैसे आले की गावात त्याला सरसकट नुकसानभरपाई म्हणतात. इंग्रजीत ‘कॉम्पेन्सेशन’ म्हणजे जेवढे नुकसान तेवढे भरून देणे. हा शब्द भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात आहे, अगदी नावातच. आपत्तीच्या निकषांत तो नाही. तिथे ‘असिस्टन्स’ म्हणजे मदत आहे आणि पिकांसाठी ‘इनपुट सबसिडी’, म्हणजे पुढच्या पेरणीच्या बियाण्या-खतासाठी हातभार. किमान ३३ टक्के नुकसान असेल तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, आणि तेही दोन हेक्टरपर्यंत. २०२५ च्या पॅकेजमध्ये राज्याने ही मर्यादा तीन हेक्टर केली आणि रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपये वर दिले. एकरी किती पोते सोयाबीन गेले, याचा या रकमेशी थेट संबंध नाही.

विम्याचा ‘क्लेम’ आणखी वेगळा. तो करारातला हक्क, कारण शेतकऱ्याने हप्ता भरलेला असतो. पण खरीप २०२५ पासून राज्यात तो पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरतो. साखरा मंडळात एकाचे शेत ओढ्याकाठी वाहून गेले आणि बाकीच्यांचे बऱ्यापैकी पिकले, तर त्या एकाला शासनाची मदत मिळू शकते, विमा मात्र मिळेलच असे नाही. तेव्हा यादीत नाव शोधताना यादी कशाची आहे ते आधी वाचा: अनुदानाची की विम्याची. एकीची तक्रार तलाठ्याकडे, दुसरीची विमा कंपनीकडे.