पाच गाणी, बस्स!

खिशातली गाणी म्हटलं की आपल्याला थेट २००१चा आयपॉड आठवतो. पण बॉस, त्याआधीच मीटिंग्ज आणि फोन नंबर सांभाळणारे ऑर्गनायझर गायला लागले होते!

२०००च्या कॉम्पॅक आयपॅक एच३६५०चंच बघा. प्रोसेसर २०६ मेगाहर्ट्झचा, त्यामुळे एमपीथ्री सहज वाजायचं. मेमरी मात्र ३२ एमबी. १२८ केबीपीएसचं गाणं मिनिटाला साधारण एक एमबी खातं. पाच गाणी भरली की कामाला जागा अपुरी. शिवाय सगळं रॅममध्ये. बॅटरी पूर्ण उतरली की गाणी, नंबर, अपॉइंटमेंट्स, सगळं साफ!

तरी मला त्या टंचाईचा हेवा वाटतो. तेव्हा प्रत्येक गाण्याला जागा कमवावी लागायची. आज हजारो गाणी खिशात, आणि आपण नुसतं ‘नेक्स्ट’ दाबत बसतो. सांगा, तुमची पाच कोणती?